नव्वद रुपयांचं रोप दीडशेला कसं पडलं?

पत्र थोडक्यात : या वाचक ३८ वर्षांच्या, विलेपार्ले पूर्वेला राहणाऱ्या. खासगी कंपनीतली नोकरी सोडून आठ महिन्यांपूर्वी त्यांनी तळमजल्यावरची तीनशे चौरस फूट जागा भाड्यानं घेतली आणि घरात ठेवायच्या झाडांची नर्सरी सुरू केली. भांडवलात स्वतःची बचत, आणि सासूबाईंनी एफडी मोडून दिलेले दीड लाख. सुरुवातीला त्या पुण्याकडून थोडा थोडा माल आणायच्या. तो महाग वाटला म्हणून मार्चअखेर फोनवर फोटो बघून आंध्रातल्या एका घाऊक नर्सरीतून ५०० रोपं मागवली. दीड महिन्यात १३० रोपं मेली किंवा विकण्याजोगी राहिली नाहीत. गेलेल्यांत फिडल लीफ, कॅलेथिया आणि अरेका पाम जास्त, तर स्नेक प्लांट आणि झीझी ठणठणीत. विकलेली काही झाडंही गिऱ्हाईकं परत घेऊन आली. एकीनं सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तसं लिहिलंही. आता ओळखीचे दोन नर्सरीवाले म्हणतात, गणपतीआधी तिघांत मिळून पूर्ण ट्रक मागवू, भाव आणखी खाली येईल. यांचा वाटा १ लाख २० हजार, निम्मे आगाऊ. नवरा म्हणतो, धंद्यात नुकसान धरावंच लागतं. सासूबाई रोज दुपारी दुकानात बसतात, झाडांना पाणी घालतात, पण या विषयावर अवाक्षर काढत नाहीत. वाचक विचारतात : मला फसवलं गेलं का? ट्रकमध्ये वाटा घेऊ का? की माझ्या हातालाच गुण नाही?

नमस्कार ताई,

पत्रासोबत तुम्ही हिशेबाचे दोन कागद जोडलेत. मी ते आधी वाचले, पत्र नंतर. एकोणीस वर्षं मुलुंडला नर्सरी चालवली, त्याची ही खोड. माणूस काय सांगतो ते ऐकायच्या आधी वही उघडायची.

'आंध्रचा माल स्वस्त, पुण्याचा महाग' असं तुम्ही तीन ठिकाणी लिहिलंय. वही काय म्हणते बघा. ५०० रोपांचे ४५,००० रुपये, म्हणजे नगाला ९०. भाडं, हमाली आणि शेवटचा टेम्पो धरून वर १०,०००. रोप ११० ला पडलं. इथवर तुम्हीही आलात आणि थांबलात, कारण तुम्ही पाचशेनं भागलंत. विकायला उरली ३७०. पंचावन्न हजार भागिले ३७० केलं की येतात १४९ रुपये. त्याच मापाच्या रोपांच्या पुण्याकडून तीन खेपा आल्या. एकूण १८० रोपं, १३५ रुपये दुकानपोच, त्यातली नऊ गेली. तसाच भागाकार केला तर १४२.

नव्वदचं रोप एकशे एकोणपन्नासला पडलं आणि एकशे पस्तीसचं एकशे बेचाळीसला. शिवाय गिऱ्हाइकांनी परत आणलेली झाडं आणि ग्रुपवरचा तो मेसेज मी अजून धरलेलाच नाही. घाऊकवाला भाव सांगतो तो त्याच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या रोपाचा. तुमच्या गल्ल्यात पैसे येतात ते गिऱ्हाइकाच्या हातात गेलेल्या रोपाचे. या दोन रोपांच्या मधे जे जे घडतं त्याचा खर्च त्याच्या भावात नसतो, तुमच्या वहीत असतो.

आता फसवणुकीचं. त्या माणसाची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून पाहिले. रोपं खरोखर जोमदार आहेत. पानं जाड, दांडे पिवळसर, आणि मागे कडक ऊन. वर जाळी नाही. अरेकाचे दांडे असे पिवळे झाले की समजायचं, हे झाड उघड्यावर वाढलंय. सावलीतली अरेका गर्द हिरवी असते, पानं लांब आणि ऐसपैस पसरलेली. फोटोत मात्र उन्हातली जास्त भरगच्च दिसते आणि आपण भुलतो. त्यानं जे दाखवलं तेच पाठवलं. ते झाड कुठल्या जागेसाठी वाढवलंय, हे तुम्ही विचारलं नाहीत आणि त्यानं सांगितलं नाही. बंगल्यांच्या बागा, रिसॉर्ट, रस्त्याचे दुभाजक यांना माल पुरवणाऱ्याच्या दृष्टीनं ती रोपं उत्तमच होती.

या मुद्द्यावर थोडा वेळ घेते, कारण नव्या नर्सरीवाल्यांची निम्मी मर इथेच होते असं मला वाटतं. भर दुपारच्या उघड्या उन्हात उजेड लाख लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास असतो. फोनवरच्या उजेड मोजायच्या अ‍ॅपनंही तुम्हाला याचा अंदाज येईल. ७५ टक्क्यांच्या, म्हणजे तेवढं ऊन अडवणाऱ्या, हिरव्या जाळीखाली तो पंचवीस हजारांवर येतो. पार्ल्यातल्या पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, समोर दुसरी इमारत असताना, खिडकीपासून सहा-सात फुटांवर तुम्हाला काही शे लक्स मिळतील. आपल्या डोळ्यांना हा फरक कळत नाही, डोळा सांभाळून घेतो. झाडाला सांभाळून घ्यायला महिना लागतो. उन्हात वाढलेलं पान उन्हासाठीच घडलेलं असतं. अंधाऱ्या खोलीत ते कमावतं कमी आणि खातं जास्त. मग झाड जुनी पानं टाकतं आणि कमी उजेडाला जुळणारी नवी काढतं. तेवढी शिल्लक मुळांत असेल तर झाड तगतं, नाहीतर जातं. दिवसपाळीचा माणूस एका रात्रीत रात्रपाळीला लावला तर पहिले पंधरा दिवस त्याचं जे होतं, तेच. फिडल लीफ हा वडा-पिंपळाच्या कुळातला. जागा बदलली की पानं टाकणं हा त्याचा स्वभावच. तुमच्याकडे आल्यावर आठवडाभरात पानगळ सुरू झाली आणि तुम्ही घाबरून पाणी वाढवलंत, असं लिहिलंय. त्यानंच उरलीसुरली संपली.

आंध्रातून घाऊक रोपं म्हटलं की बहुतेकदा ती राजमहेंद्रवरमजवळच्या कडियमच्या पट्ट्यातली असतात. गोदावरीकाठी मैलोन्‌मैल नर्सऱ्या आहेत. एकदा तरी बघून या, डोळ्यांचं पारणं फिटतं. तिथून मुंबई हजार-अकराशे किलोमीटर. हैदराबाद, सोलापूर, पुणे करत ट्रक यायचा. तुमचा आला मार्चअखेर. ताडपत्रीखाली दोन-तीन दिवस अंधार आणि उकाडा, मग मुंबईच्या वेशीवर अवजड गाड्यांच्या वेळेसाठी थांबणं, मग टेम्पोत भरणं. कॅलेथियासारख्या पातळ पानांच्या झाडाला हा प्रवास म्हणजे शिक्षाच. स्नेक प्लांट आणि झीझी यांनी पाणी पानात आणि गड्ड्यात साठवलेलं असतं. त्यांना या प्रवासाचं काही वाटत नाही, ती झोपून आली. तुमच्या मेलेल्यांची आणि जगलेल्यांची यादी बघा, बरोबर अशीच विभागली गेली आहे. तुमचा हात दोन्हींना सारखाच लागला होता की!

दुसरी गोष्ट मातीची. तिकडून आलेल्या बऱ्याच रोपांच्या मुळांभोवती चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तुम्ही तो गोळा तसाच ठेवून भोवती कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलंत. वरून पाणी घातलं की ते कोकोपीटमधून झरझर खाली जातं, कुंडी ओली दिसते आणि गोळ्याचा गाभा कोरडा राहतो. आणि एकदा का तो गाभा भिजला की मग दहा-दहा दिवस सुकत नाही. तहानेनं मेलेलं आणि कुजून मेलेलं झाड वरून सारखंच दिसतं, पानं पिवळी आणि माना खाली. उरलेल्या रोपांपैकी एखादं काढा आणि गोळा अर्धा तास बादलीत बुडवून ठेवा. बाहेरची बोटभर जाडीची माती हातानं मोकळी करा, सगळी नको. मग लाल माती, कोकोपीट, गांडूळखत आणि थोडी जाडी वाळू यात लावा. हे काम रोप आल्याच्या दिवशी करायचं नाही. आठ-दहा दिवस त्याला दम खाऊ द्यावा.

आता सासूबाईंकडे येते. त्या बोलत नाहीत याचा अर्थ पैशांवरून नाराज आहेत, असं तुम्ही धरून चालला आहात. कदाचित असेलही. पण रोज दुपारी सगळ्या झाडांना पाणी त्या घालतात आणि झाडं मरताहेत. त्यांच्याही मनात येत असेल, 'माझ्या पाण्यानं तर नाही ना गेली?' घरच्या तुळशीला रोज तांब्याभर पाणी घालणाऱ्या बाईला, झाडाला तहान नसतानाही पाणी लागतं असंच वाटणार. त्यात त्यांचा काय दोष! पण तुमच्याकडे जे आहे त्यातल्या निम्म्याहून जास्त झाडांना रोज पाणी नको. झीझीला तर पंधरा दिवसांनी चालतं. त्यांना 'पाणी घालू नका' म्हणू नका, दुखावतील. काम वेगळं द्या. लाकडी काडी कुंडीत दोन पेरं खोल खुपसायची आणि बाहेर काढून बघायची. माती चिकटून आली तर पुढच्या कुंडीकडे जायचं, कोरडी आली तरच पाणी. आणि तो १४९ रुपयांचा भागाकार त्यांना दाखवा. एफडी मोडणाऱ्या माणसाला आकडा कळलेला बरा, अंदाज छळतो.

आता ट्रकचं. गणपतीआधीच्या ट्रकमध्ये तुम्ही वाटा घेऊ नये, असं माझं मत आहे. भाव हे त्याचं कारण नाहीच. ऑगस्टअखेर मुंबईत पाऊस चालू असतो, आभाळ भरलेलं असतं, उजेड निम्म्यावर आलेला असतो. थकून आलेल्या रोपांना सावरायला जो उजेड आणि जी कोरडी हवा लागते ती तेव्हा नसते. ओल्या ताडपत्रीखालून आलेला माल पुन्हा दमट जागेत ठेवला की बुरशीला आमंत्रणच. शिवाय तीनशे फुटांत तुम्ही सव्वा लाखाची रोपं ठेवणार कुठे? गेल्या वेळच्या भावानं ती हजाराच्या वर होतील. पार्ल्यातला एकेक फूट भाडं मागतो. जे रोप तीन महिने विकलं जात नाही, ते रोज थोडं थोडं महाग होत असतं.

पण दूरचा माल कायमचा वाईट, असंही मी म्हणणार नाही. स्नेक प्लांट, झीझी, रबर प्लांट, ड्रासिना ही कणखर मंडळी आहेत. दिवाळीनंतर, नोव्हेंबरात, हवा कोरडी आणि सौम्य झाली की त्याच दोघांबरोबर एक लहान वाटा घ्या, तोही फक्त याच चार झाडांचा. डिसेंबर-जानेवारीत मात्र अग्लोनिमा त्या वाटेनं आणू नका. दख्खनच्या पठारावर रात्री पारा दहा-बारावर उतरतो आणि अग्लोनिमाला थंडी सोसत नाही. पानांवर काळपट, तेलकट डाग येतात आणि तेही दोन-चार दिवसांनी. तोवर ट्रकवाला पैसे घेऊन गेलेला असतो.

भागीदारीत माल घेतला तर उतरवताना आधी कोण निवडणार, तिघांच्या रोपांना वेगवेगळ्या रंगाची सुतळी बांधून येणार का, आणि वाटेत मेलेली कोणाच्या वाट्याला, हे एका कागदावर लिहून काढा. मैत्री टिकते. आणि त्यांच्यापैकी एक जण थायलंडच्या अग्लोनिमाचंही आमिष दाखवतोय, असं तुम्ही लिहिलंत. परदेशातून रोप आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. ते कागद तो दाखवू शकत नसेल, तर त्या रंगीत पानांपासून लांब राहा. कीड कागद बघून येत नाही, पण आपण बघायला हवं.

मग नाजूक माल कुठून? जवळून, थोडा थोडा आणि स्वतः बघून. पुणे-सोलापूर रस्त्यावर सोरतापवाडी आणि उरुळी कांचनच्या भागात पहाटेच्या गाडीनं जा, संध्याकाळी परत या. बदलापूर-कर्जत, पनवेलच्या बाजूलाही शेडनेटवाले आहेत, त्यांची हवा मुंबईच्या जवळची. दर पंधरवड्याला पन्नास-साठ रोपांपेक्षा जास्त घेऊ नका. भाव जरा चढाच लागेल. तो लागू दे, मर वाचते आणि पैसा फिरता राहतो.

उरुळीकडे एका शेडमध्ये मी एका जुन्या माळ्याला माल निवडताना पाहिलं होतं. तेव्हा मी नवी होते आणि नुसती पानं बघून बोट दाखवत होते. तो झाडाच्या वरच्या बाजूकडे बघतच नव्हता. एक कुंडी उचलायचा, तळहातावर वजन घ्यायचा, मग उलटी करून तळाची भोकं बघायचा. मुळांची पांढरी टोकं डोकावत असतील तर ठीक, वेटोळं घालून गच्च बाहेर आलेली असतील तर बाजूला. मग दोन बोटांत खोड धरून हलकंच वर ओढायचा. रोप मातीतून सैल हललं तर म्हणायचा, "हे कालचं हाय, आज इकायला काढलंय." म्हणजे नुकतीच खोवलेली काडी, मूळ धरलेलं नाही. सगळ्यात शेवटी पान उलटं करून देठाच्या बेचक्यात अंगठ्याचं नख फिरवायचा. नखाला कापसासारखं पांढरं चिकटलं की तो सबंध रांग सोडून पुढे जायचा. ते एकच रोप नाही, सबंध रांग. मिलीबग, म्हणजे आपला पिठ्या ढेकूण, शेजारधर्म पाळतो. मी त्या दिवशी बोट दाखवलेली सगळी रोपं माझ्या टेम्पोत आली. कुठली मेली ते सांगायला नको.

कॅलेथिया आणि अरेका घेताना आणखी एक करा. पांढरा कागद पानाखाली धरून पानावर टिचकी मारा. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले तर लाल कोळी आहे. आणि रोपवाल्याला सरळ विचारा, हे जाळीखाली किती दिवस आहे, किती टक्क्यांची जाळी, कुंडीत कधी भरलं, आणि वाटेत मेलं तर किती धरता. चांगला माणूस या प्रश्नांना चिडत नाही. उलट त्याला कळतं की हे गिऱ्हाईक परत येणार. पहिल्या तीन दिवसांत फोटो पाठवला तर बदली रोप किंवा पुढच्या बिलात वजावट, एवढं ठरवून घ्या. आगाऊ रक्कम चौथ्या हिश्श्याच्या वर देऊ नका. पक्कं बिल मागा. जिवंत रोपांवर जीएसटी शून्य आहे, तेव्हा 'बिल घेतलं तर महाग पडेल' हे कारण रोपांना लागू होत नाही. प्लास्टिकच्या कुंड्यांवर कर लागतो, म्हणून त्या बिलात वेगळ्या दाखवायला सांगा.

माल दुकानात आला की लगेच मांडायचा नाही. तुमच्या जागेचा चौथा हिस्सा, म्हणजे साधारण पंचाहत्तर फूट, विसाव्यासाठी सोडा. वर ७५ टक्क्यांची जाळी, जुन्या मालापासून लांब, आणि प्रत्येक ट्रेवर आल्याची तारीख. दोन-तीन आठवडे तिथलं काही विकायचं नाही, खत घालायचं नाही, पाणी काडी बघूनच. शेवटचे काही दिवस ट्रे आणखी सावलीत सरकवायचे. जे झाड विसाव्यातच मान टाकतं ते तुमच्याकडे मेलं, गिऱ्हाइकाच्या घरी नाही. पैसे तेवढेच गेले, पण नाव राहिलं. पंचाहत्तर फूट रिकामे ठेवायचे म्हणून तुमचा जीव कासावीस होईल, माझाही झाला होता. तीन महिने करून मग वही बघा.

पावसाळ्याचं एक माझ्यावरून सांगते. पहिल्याच वर्षी जूनच्या सुरुवातीला मला दोनशे सक्युलंट, म्हणजे पानांत पाणी साठवणारी गुबगुबीत झाडं, मातीमोल भावात मिळाली. कोरड्या, थंड हवेतून आली होती. जुलैच्या मध्याला नर्सरीत शिरलं की भिजलेल्या पोत्यासारखा वास यायचा. हात लावला की पान सुटून बोटाला चिकटायचं. मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. छताखाली ठेवली तरी ती हवा थोडीच कोरडी होते! मे संपायच्या आत कॅक्टस-सक्युलंटची खरेदी बंद, दसऱ्यापर्यंत. स्वस्त का मिळताहेत, हे तेव्हा कळायला हवं होतं.

आणि सगळंच विकत का घ्यायचं? मनी प्लांट आणि सिंगोनियमची पाच-सहा चांगली मोठी झाडं घ्या आणि आईझाड म्हणून ठेवा. प्रत्येक पेरापासून नवं रोप होतं. पेर आणि एक पान एवढा तुकडा पुरतो, पावसाळ्यात तर हसत हसत फुटतो. दोन महिन्यांत चार इंची कुंडी भरते, खर्च कुंडीचा आणि मातीचा. स्नेक प्लांटही पानाच्या तुकड्यापासून होतो, पण एक खोच आहे. पिवळ्या काठाच्या जातीचं पान लावलंत तर येणारं पिल्लू साधं हिरवं निघतं, काठ हरवतो. पिवळा काठ हवा तर गड्डे फोडूनच वाढवायचा. हे काम दुपारी सावलीत बसून करण्यासारखं आहे, आणि दुपारी तुमच्या दुकानात कोण बसतं ते तुम्हीच लिहिलंय.

प्रकारांची हौस थोडी आवरा. तुमच्या यादीत चव्वेचाळीस जाती आहेत! इन्स्टाग्रामवर गिऱ्हाईक मॉन्स्टेरा बघतं आणि दुकानात येऊन टेबलावर मावेल असं दीडशे-दोनशेचं झाड घेतं. बारा-पंधरा जाती नीट सांभाळा. त्यातही चार-पाच इंची कुंड्या जास्त ठेवा. सहा फुटी अरेका लिफ्टमध्ये जात नाही, हे मी तीनदा शिकले.

ग्रुपवर लिहिणाऱ्या त्या बाईंना फोन करा आणि दुसरं झाड द्या. मात्र आधी विचारा, कुठे ठेवलं होतं? 'कुठलं आवडलं'च्या आधी 'कुठे ठेवणार' हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारत जा. बाथरूममध्ये की एसीच्या झोतात की पूर्वेच्या खिडकीत, त्यावर झाड ठरतं. घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर डिफेनबेकिया देऊ नका. त्याच्या चिकात सुईसारखे स्फटिक असतात, चावलं की तोंडाची आग होते. आणि तुमच्या पाटीवरचं 'हवा शुद्ध करणारी झाडं' पुसून टाका. नासाचा जो १९८९ चा अभ्यास सगळे सांगतात, तो हवाबंद पेट्यांत झाला होता. २०१९ मध्ये अशा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात निघालं की घरातली हवा जेवढी आपोआप बदलते, तेवढं काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडं लागतील. तेवढी विकता आली तर मला जरूर कळवा. झाड सुंदर दिसतं, एवढ्यावरही ते विकलं जातं.

नवऱ्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. नुकसान धरावं लागतं, पण किती ते आकड्यात धरायचं. मी शंभरात सात धरायचे. त्याच्या वर गेलं की कुठल्या जातीचं, कुठून आलेलं, कुठल्या महिन्यातलं, असं शोधत बसायचे. तुमचे शंभरात सव्वीस गेले आणि त्याचं कारण आता तुमच्या हातात आहे. दुसऱ्या कागदावर तुम्ही मेलेल्या प्रत्येक रोपाची तारीख लिहिलीत, जातीसकट. मला हे पाचव्या वर्षी सुचलं होतं. हाताला गुण नाही म्हणता, तो हा.

ट्रकवाल्या दोघांना या आठवड्यात फोन करून सांगा की गणपतीचं जमणार नाही, नोव्हेंबरात लहान वाट्याचं बोलू. त्यांनी गळ घातली तर जागा नाही म्हणा, खोटंही नाही ते.

आणि मागच्या कोपऱ्यातली, पानं झडलेली ती चौदा फिडल लीफ सोमवारी कचऱ्यात द्यायची म्हणताय, ती थांबवा. खोडावर नखानं जरासं खरवडून बघा. आत हिरवं निघालं तर शेंडा वीतभर छाटा, पाणी अगदी कमी करा, जाळीखाली उजेडात सरकवा आणि महिनाभर त्यांच्याकडे बघूही नका. तपकिरी आणि कोरडं निघेल तेवढंच टाका. खरवडताना सासूबाईंना बरोबर घ्या, नजर त्यांची चांगली असेल.